तुटीचे बाराशे कोटी

दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ च्या मे महिन्यात पक्की झाली, तेव्हा सरकारी क्षेत्राच्या खर्चाचा आकडा ४,८०० कोटी रुपये होता. जमेच्या बाजूला जुन्या-नव्या करांतून ८०० कोटी, जनतेकडून कर्जाऊ १,२०० कोटी, रेल्वे आणि भविष्य निर्वाह निधी वगैरेंतून ४०० कोटी आणि परदेशी मदतीचे ८०० कोटी धरले होते. एवढे करूनही १,६०० कोटी कमी पडत होते. त्यातले ४०० कोटी कुठून आणायचे ते योजनेने पुढच्यावर सोडले. उरलेल्या १,२०० कोटींपुढे ‘तुटीचा अर्थभरणा’ असे लिहिले होते. सरकार रिझर्व्ह बँकेला रोखे देणार, बँक त्यावर नोटा काढणार आणि त्या नोटा धरणांच्या, पोलाद कारखान्यांच्या, रस्त्यांच्या मजुरीतून देशभर पसरणार, असा त्याचा व्यवहार. त्यातले २०० कोटी इंग्लंडमध्ये साठलेल्या स्टर्लिंग शिलकीतून भरून निघतील, असा हिशेब होता. म्हणजे निव्वळ नवा पैसा हजार कोटींचा.

या पैशाने देशात धान्य, कापड, सिमेंट वाढेल, की नुसते भाव वाढतील? याचे उत्तर द्यायचे, तर अख्खी अर्थव्यवस्था कशी चालते याचे काही चित्र डोळ्यापुढे हवे. सरकारने एक रुपया खर्च केला की तो कोणाच्या हातात जातो, तो माणूस त्याचे काय घेतो, ती वस्तू कोण पिकवतो किंवा बनवतो आणि त्याला ती जास्त बनवता येते का, ही साखळी मांडावी लागते. तशी चित्रे त्या काळात जगभर नव्यानेच काढली जात होती. भारतात कोलकाता, दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबई अशा चार ठिकाणांहून चार निराळी चित्रे पुढे आली. राजकोषीय धोरणावर या देशात इतका मुळाला हात घालणारा वाद पुन्हा झालेला नाही.

सरकारच्या जमाखर्चाचा लोकांच्या जगण्याशी असलेला संबंध आकड्यांनी दाखवण्याची रीत मात्र आपल्याकडे त्याहून बरीच जुनी. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. सरकारकडे शिल्लक पडत होती आणि ती सुबत्तेची खूण म्हणून सांगितली जात होती. गोखल्यांनी ती शिल्लक उलगडून दाखवली. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्यापासून रुपयाचा विलायती भाव वर गेला होता. त्यामुळे लंडनला पाठवायच्या रकमेसाठी सरकारला कमी रुपये लागत. पण रुपया पडता असताना वाढवलेले कर तसेच होते. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ येऊन गेले होते. लोक उपाशी आणि तिजोरी भरलेली, याचा अर्थ कर जास्त घेतला जातोय, असे त्यांचे सांगणे होते. या भाषणासाठी आकडे जुळवून देण्यात गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाचा मोठा हात होता. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढतो, हेही गोखल्यांनी पुढच्या भाषणांत दाखवून दिले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या माणसाचा हा हिशेब कर, खप आणि महसूल यांचे एकमेकांशी असलेले नाते सांगत होता. त्या अर्थाने ते एक छोटे प्रतिमानच (मॉडेलच) होते.

युरोपात हे काम समीकरणांनी सुरू झाले ते मंदीच्या वर्षांत. १९३१ मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड कान यांनी गुणकाची कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये केन्स यांनी तिला आपल्या सिद्धान्ताच्या मध्यभागी बसवले. कल्पना साधी आहे. सरकारने शंभर रुपये मजुरी दिली. मजुराने त्यातले ऐंशी खर्च केले. दुकानदाराने त्या ऐंशीतले चौसष्ट खर्च केले. असे करत गेल्यास शंभराचे अखेर पाचशे होतात. रुपयातले नव्वद पैसे खर्च होत असतील, तर हजार होतात. त्याच १९३६ साली डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी हॉलंडची अख्खी अर्थव्यवस्था चोवीस समीकरणांत बसवली. बेकारी हटवण्यासाठी सरकारने काय करावे, हे त्यांना त्यातून ताडून पाहायचे होते.

यातले सर्वांत देखणे प्रतिमान पाण्याचे होते. बिल फिलिप्स हा न्यूझीलंडचा अभियंता जपान्यांच्या युद्धकैदेतून सुटल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला आला. १९४९ मध्ये त्याने क्रॉयडनमधल्या एका गॅरेजात माणसाहून उंच असे यंत्र उभे केले. त्यात पारदर्शक टाक्या आणि नळ्या होत्या आणि त्यांतून रंगीत पाणी खेळवलेले होते. राष्ट्रीय उत्पन्न वरून खाली वाहायचे. वाटेत करांची तोटी काही पाणी सरकारच्या टाकीकडे वळवायची, बचतीची काही बाजूला काढायची, आयातीची काही देशाबाहेर नेऊन सोडायची. सरकारी खर्चाची तोटी मोकळी केली की उत्पन्नाची पातळी कशी चढते, ते विद्यार्थ्यांना समोर दिसे. अशी डझनभराहून थोडी अधिक यंत्रे बनली. एक इस्तंबूलला गेले, एक ग्वाटेमालाच्या मध्यवर्ती बँकेने घेतले.

या सगळ्या चित्रांत एक गोष्ट गृहीत होती. कारखाने बंद पडलेले आहेत, कामगार दाराशी उभे आहेत, कच्चा माल गोदामात आहे आणि अडले आहे ते फक्त गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नाही म्हणून. १९३० च्या दशकातल्या इंग्लंडला किंवा हॉलंडला ते लागू होते.

भारताची आठवण निराळी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार इथून जे सामान उचलत असे, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगमध्ये जमा होई आणि त्या जमेच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढी. युद्धाआधी सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपले तेव्हा त्या बाराशे कोटींच्या घरात गेल्या होत्या. माल बाहेर जात होता आणि नोटा आत येत होत्या. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील यांनी १९४३ मध्येच ‘द फॉलिंग रुपी’ या पुस्तिकेत या चलनवाढीचा पंचनामा केला. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे तीस लाख माणसे मेली. कलकत्त्यात युद्धखर्चामुळे पैसा खेळत होता, तांदळाचे भाव त्या पैशाने वर चढले आणि ज्यांची मजुरी वाढली नाही ते खेड्यांतले भूमिहीन त्या भावाला पुरे पडू शकले नाहीत, हे अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये सविस्तर मांडले. सरकारी खर्चाचा परिणाम मोजताना एकूण आकड्याच्या आत कोण किती खातो हे पाहावे लागते, याचा इतका भयंकर पुरावा दुसऱ्या कुठल्या देशातल्या अर्थशास्त्रज्ञांच्या डोळ्यासमोर नव्हता.

असे असूनही दुष्काळाच्या पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, मुंबईच्या उद्योगपतींनी जो ‘बॉम्बे प्लॅन’ प्रसिद्ध केला, त्यात पंधरा वर्षांच्या १०,००० कोटींपैकी ३,४०० कोटी नव्याने निर्माण केलेल्या पैशातून उभारायचे होते. पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला यांच्या सह्या त्यावर आहेत. भाव आणि वाटप यांवर सरकारचे कडक नियंत्रण लागेल, हेही त्यांनी मान्य केले होते. तुटीच्या पैशाचा मोह फक्त नियोजन मंडळाला नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

केन्सचे गणित भारताला का लागू पडत नाही, हे पहिल्यांदा नेटकेपणाने सांगितले व्ही. के. आर. व्ही. राव यांनी. मुंबईच्या विल्सन कॉलेजात आणि मग केंब्रिजला शिकलेले राव १९५२ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स चालवत होते. त्यांचा लेख आला फेब्रुवारी १९५२ मध्ये. गरीब माणूस जवळपास सगळी मिळकत खर्च करतो. म्हणजे गुणकाच्या सूत्राप्रमाणे गरीब देशात सरकारने थोडा खर्च केला तरी उत्पन्न दसपट वाढायला हवे. तसे कुठेच होत नाही. का? कारण इथला बेकार हा कारखान्याच्या दाराशी उभा राहिलेला बेकार नाही. तो घरच्या शेतावर, चौघांचे काम पाच जण करतात त्यातला पाचवा आहे. मागणी वाढली म्हणून ज्वारी पुढच्या महिन्यात जास्त पिकत नाही. आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की तो आपल्या घरासाठी आधी जास्त ठेवतो, बाजारात कमी आणतो. तेव्हा गुणक चालतो खरा, पण रुपयांत. क्विंटलात चालत नाही. ही अवघ्या काही पानांची मांडणी आहे आणि आज सत्तर वर्षांनीही ती वाचताना तिची धार कमी झालेली वाटत नाही.

कोलकात्याचे चित्र प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे. ते मुळात भौतिकशास्त्राचे. संख्याशास्त्राची संस्था उभी करून त्यांनी तिथे टिनबर्गेन, रॅग्नर फ्रिश अशा मोठ्या मंडळींना बोलावले होते. १९५३ मध्ये त्यांनी अर्थव्यवस्थेचे दोन भाग पाडले, १९५५ मध्ये चार: यंत्रसामग्री बनवणारे उद्योग, कारखान्यातला उपभोग्य माल, शेती आणि घरगुती उद्योग, आणि शिक्षण-आरोग्यासारख्या सेवा. पाच वर्षांत ५,६०० कोटींची गुंतवणूक, उत्पन्नात वर्षाला ५ टक्के वाढ आणि १ कोटी १० लाख नवी कामे असे उद्दिष्ट ठरवून, यंत्रांच्या उद्योगांना एकतृतीयांश द्यायचे आणि बाकीचे कुठे किती, हे त्यांनी समीकरणांनी काढले. याच आराखड्यावर दुसरी योजना उभी राहिली.

त्यात काय नव्हते तेही सांगायला हवे. भाव नव्हते. कर नव्हते. परदेशी व्यापार नव्हता. भांडवल कुठे घालावे याचे ते प्रतिमान होते. बाराशे कोटींच्या नोटा लोकांच्या हातात पडल्यावर काय होईल, यावर ते काहीच बोलत नव्हते. हा महालनोबिसांचा दोष मानणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी तो प्रश्न सोडवायला घेतलाच नव्हता. पण दिल्लीत त्या समीकरणांचा जो दबदबा निर्माण झाला, त्याच्या छायेत हा दुसरा प्रश्न सुटल्यासारखा धरला गेला. टिनबर्गेन यांच्या मार्गदर्शनाखाली एन. व्ही. ए. नरसिंहम यांनी डच पद्धतीने भारताचे अल्पकालीन प्रतिमान तयार केले आणि ते १९५६ मध्ये छापूनही आले. योजनेचा आकडा तोवर ठरून गेला होता.

१९५५ मध्ये दुसऱ्या योजनेच्या मसुद्यावर मत देण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांचे एक मंडळ नेमले होते. अध्यक्ष अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. सदस्यांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते, राव होते. मंडळाने आराखड्याला पाठिंबा दिला. भिन्नमतपत्रिका एकट्याची आली, बी. आर. शेणॉय यांची. देशात बचत जेवढी होते त्यापेक्षा मोठी योजना नोटा छापून पुरी करता येत नाही. भाव चढतील, परकीय चलन आटेल, आणि मग नियंत्रणांवर नियंत्रणे येतील, असे अहमदाबादच्या या प्राध्यापकाने लिहून ठेवले.

बाकीचे बेसावध होते असे मात्र नाही. १९५३-५४ ची पिके उत्तम आली होती, अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांनी धान्यावरची नियंत्रणे उठवली तरी भाव उतरत गेले आणि पहिली योजना संपताना घाऊक भाव ती सुरू झाली तेव्हापेक्षा सुमारे १३ टक्के खाली होते. ज्या देशात तूट असूनही भाव उतरले, तिथे आणखी तूट पेलेल असे वाटणे साहजिक होते. दोन चांगल्या पावसाळ्यांनी दिलेले हे आश्वासन होते.

मुंबईचे चित्र १९५६ मध्ये आले. वकील आणि त्यांचे जेमतेम तिशीचे सहकारी पी. आर. ब्रह्मानंद यांनी ‘प्लॅनिंग फॉर अ‍ॅन एक्सपांडिंग इकॉनॉमी’ हे पुस्तक लिहिले. त्यांनी रावांचा पाचवा माणूस हाती धरला आणि विचारले, तो शेतावरून उठून धरणाच्या कामावर गेला, तर तिथे खाईल काय? आजवर तो घरच्या भाकरीतला वाटा खात होता. तो गेल्यावर घरातले चौघे तो वाटा त्याच्यामागे धरणावर पाठवत नाहीत. ते स्वतः थोडे पोटभर जेवतात. धरणावर त्याला मजुरी मिळते, ती घेऊन तो बाजारात जातो, तिथे धान्य तेवढेच असते. पैसा त्याला कामावर ठेवू शकत नाही. धान्य, कापड, तेल या वेतनवस्तूंचा साठाच ठेवू शकतो. म्हणून आधी शेती आणि कापडात गुंतवणूक वाढवा, त्या साठ्याच्या मापाने कामे काढा, असा त्यांचा आग्रह. महालनोबिसांनी पोलाद पुढे ठेवले होते, यांनी ज्वारी पुढे ठेवली. या चारही चित्रांत भारतातला मजूर माणूस म्हणून, घरासह आणि भुकेसह, दिसतो तो याच एका चित्रात. तेच बाजूला पडले, हे या इतिहासातले मोठे नुकसान आहे.

पुण्यात गाडगीळांनी समीकरणे मांडली नाहीत, त्यांनी गावोगाव मोजणी केली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने नगर-नाशिककडच्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ चा आहे. दख्खनचे कालवे सरकारी हिशेबात तोट्याचे ठरत, कारण पाणीपट्टीतून भांडवलाचे व्याज सुटत नसे. गाडगीळांच्या पाहणीने कालव्याखालची आणि कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून पीक, मजुरी, व्यापार यांतला प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ धरला. सरकारी रुपयाचे फळ सरकारच्या तिजोरीत न मोजता लोकांच्या शेतात मोजायचे, ही ती दृष्टी होती. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

घटना झपाट्याने घडल्या. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावरून देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. यंत्रांची आयात अपेक्षेबाहेर वाढली, सुएझ कालवा बंद पडला. १९५७-५८ मध्ये पाऊस हुकला आणि धान्याचे उत्पादन सुमारे सात कोटी टनांवरून साडेसहा कोटींच्या आसपास उतरले. धान्याच्या भावांची चौकशी करायला त्याआधीच अशोक मेहता समिती नेमावी लागली होती. परकीय चलनाची गंगाजळी दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. याची खूण कायद्यातच उमटलेली आहे. १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटांमागे किमान ४०० कोटींचे परदेशी रोखे आणि ११५ कोटींचे सोने ठेवावे असे ठरले. वर्षभरात दोन्ही मिळून किमान २०० कोटींवर आणावे लागले. कृष्णम्माचारींनी केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या शिफारशीनुसार संपत्ती कर आणि खर्च कर बसवले. १९५८ मध्ये योजना ४,५०० कोटींवर छाटली आणि त्याच ऑगस्टात भारताला मदत देणाऱ्या देशांची पहिली बैठक भरली.

पाच वर्षांअखेरीस तूट बाराशे कोटींना पोहोचली नाही. ती साडेनऊशे कोटींच्या आसपास राहिली. भाव तरीही सुमारे ३० टक्के चढले. शेणॉय यांचे भाकीत खरे झाले, असे त्यांचे चाहते म्हणतात आणि भाव, चलन, नियंत्रणे या तिन्ही बाबतींत ते बरोबरच आहे. तरी गंगाजळी आटली ती मुख्यतः यंत्रांच्या आयातीने, आणि भाव चढले त्यात धान्याचा वाटा मोठा. एकट्या नोटांच्या मोजणीतून हे दोन्ही समजत नाही. त्याला वेतनवस्तूंचा हिशेबच लागतो.

दिल्लीच्या सरकारलाही अखेर तो हिशेब करावाच लागला, पण आडमार्गाने. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० या तिथल्या धान्य-मदतीच्या कायद्याखालचा पहिला करार झाला. गहू यायचा, त्याची किंमत रुपयांत द्यायची, तो सरकार देशात विकायचे आणि विक्रीचा पैसा सरकारकडे परत यायचा. तुटीने बाजारात सोडलेले रुपये हा गहू पुन्हा गोळा करी आणि धरणावरच्या मजुराला भाकरीही मिळे. वकील-ब्रह्मानंदांनी दाखवलेले खिंडार परक्या धान्याने बुजवले गेले. त्याची खरी किंमत कळली १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दुष्काळांत, जेव्हा जहाज केव्हा सुटेल हे वॉशिंग्टन ठरवू लागले.

पुढे संगणक आले, आकडेवारी सुधारली आणि १९८० च्या दशकापासून के. कृष्णमूर्ती, व्ही. पंडित यांच्यासारख्यांनी भारताची मोठी प्रतिमाने बांधली. त्यांत शेतीचे उत्पादन मागणीने वाढत नाही, पाऊस आणि सिंचनाने वाढते, हे समीकरणातच लिहिलेले असते. म्हणजे रावांचा आक्षेप तिथे पोटात घेतला गेला. २०१३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी अशाच प्रतिमानातून गुणक काढले. सरकारचा भांडवली खर्च एक रुपया असेल तर उत्पन्न २.४५ रुपयांनी वाढते. लोकांना थेट दिलेल्या रुपयाचे ०.९८, इतर महसुली खर्चाचे ०.९९. अर्थसंकल्पावरच्या चर्चांत हे आकडे आजही फिरतात आणि २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात केंद्राने भांडवली खर्चाची तरतूद दहा लाख कोटींवर नेली त्यामागेही हाच विचार होता. रस्ता, कालवा, वीज यांवरचा रुपया मागणी तर वाढवतोच, शिवाय काही वर्षांनी माल पिकवण्याची ताकदही वाढवतो. प्रवरेच्या काठी गाडगीळांनी तेच मोजले होते.

तो १,२०० कोटींचा रकाना आता कायद्याने मिटला आहे. सरकारसाठी आपोआप नोटा काढण्याची सोय १९९७ मध्ये बंद झाली आणि २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने सरकारचे रोखे थेट विकत घ्यायलाही रिझर्व्ह बँकेला २००६ पासून मनाई झाली. तूट मात्र आहे आणि ती बाजारातल्या कर्जाने भरली जाते. महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये पडतात. ०.९८ हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावणे चूक आहे, कारण तो साऱ्या देशाचा आणि आधीच्या वर्षांचा आहे. त्या पंधराशेतले किती तेलाला जातात, किती डाळीला, किती मुलांच्या फीला, हे वेगवेगळे धरावे लागेल. देशात लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते, तेव्हा तेलाच्या पिशवीवरचा बराचसा रुपया इंडोनेशिया-मलेशियासारख्या देशांकडे निघून जातो. तूर त्या वर्षी कमी पिकली असेल, तर डाळीवरचा रुपया भावात जिरतो. मुलांच्या फीला गेलेला रुपया बराचसा गावातच दुसऱ्यांदा फिरतो. राज्यासाठी असे प्रतिमान बांधायचे, तर या तीन ओळी त्यात वेगळ्या असायला हव्यात, आणि त्यातल्या दोन ओळी वकील-ब्रह्मानंदांच्या पुस्तकातून उचलता येतात.